समुद्र बघायला निघालेली तिघं

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक दोर वळणारा राहत असे. त्याचं नाव लिंबाजी. अंबाडीच्या काड्या भिजवायच्या, त्यांचा पांढरा वाख सोलून उन्हात वाळवायचा आणि त्याचे दोर वळायचे, हा त्याचा धंदा. त्याने वळलेला मोटेचा नाडा विहिरीवर वीस वर्षं चाले. त्याच्या दाव्याला बांधलेला बैल कधी सुटून गेला, असं कोणी ऐकलं नव्हतं.

लिंबाजी मोजूनमापून वागणारा माणूस होता. कुठलंही काम हाती घ्यायच्या आधी तो आठ दिवस विचार करी. गावातलं लग्न असो की विहिरीचा गाळ काढणं असो, लोक त्याला विचारायला येत. बेत आखावा तर लिंबाजीने, असं सगळे म्हणत.

त्याची बायको साळूबाई. त्यांना मूलबाळ नव्हतं. एक कुत्रा मात्र होता. आठ वर्षांपूर्वी एका सकाळी अंगणातल्या वाखाच्या ढिगात काहीतरी हललं. साळूबाईने हात घातला, तर मूठभर पांढरं पिल्लू हाताला लागलं. वाख कुठला आणि पिल्लू कुठलं, तेच कळेना. तिने त्याचं नाव ठेवलं कापशा. तेव्हापासून कापशा त्यांच्या दारात वाढला. दोर वळणाऱ्याच्या घरात राहूनही त्याच्या गळ्याला कधी दोर लागला नव्हता. तशी वेळच आली नाही. ‘बस’ म्हटलं की तो बसे आणि ‘ये’ म्हटलं की येई.

एका पावसाळ्यात साळूबाईला सुईत दोरा ओवता येईना. मग तांदळातले खडे दिसेनात. लिंबाजी तिला घेऊन वैद्याकडे गेला. वैद्याने दिव्याजवळ बसवून तिचे डोळे पुन्हा पुन्हा पाहिले आणि दिवा बाजूला ठेवला.

“औषध द्या ना,” लिंबाजी म्हणाला.

“याला औषध नाही,” वैद्य म्हणाला. “ही ज्योत हळूहळू मंद होणार. होळीपर्यंत थोडंफार दिसेल. साळूबाई, काही बघायचं राहिलं असेल, तर ते बघून घ्या.”

घरी येताना लिंबाजीने विचारलं, “काय बघायचं राहिलंय गं तुझं?”

साळूबाईला विचार करावा लागला नाही. “समुद्र,” ती म्हणाली.

दरवर्षी थंडीत कोकणातून मिठाचे बैल घाट चढून गावात येत. त्या माणसांकडून तिने लहानपणी ऐकलं होतं, की खाली असं एक पाणी आहे ज्याला पलीकडचा काठ नाही. ती म्हणे, “असं कसं? काठ नाही तर पाणी थांबतं कशाला धरून?” मीठवाले हसत. ते कोडं तिच्या मनात चाळीस वर्षं राहिलं होतं.

दिवाळीच्या आगेमागे महिनाभर काम बंद असे. त्याच दिवसांत जायचं ठरलं. लिंबाजी बेत आखायला बसला. घाट कुठून उतरायचा, मुक्काम कुठे, पाणी कुठे, खाडीवर होडी कधी सुटते, हे सगळं त्याने मीठवाल्यांना विचारून ठेवलं. शेजारच्या तानूबाईने गाडी आणि बैल दिले. बैलांची पेंड, चाकाचं वंगण, साळूबाईसाठी गादी, वाटेतली शिदोरी, सगळी तयारी झाली. तुळशीला पाणी कोण घालणार, हेसुद्धा ठरलं.

“आणि कापशाचं काय?” साळूबाईने विचारलं.

“कुत्र्याचं काय ठरवायचंय त्यात? तानूबाई भाकरी टाकेल.”

एवढ्यावर तो विषय मिटला.

निघायच्या सकाळी कापशाला तानूबाईच्या ओसरीवर सोडलं आणि गाडी हाकली. वेशीपाशी साळूबाईला खालून धापा ऐकू आल्या. वाकून पाहिलं, तर कापशा गाडीखाली दोन चाकांच्या मध्ये सावलीतून चालत होता, जणू ती जागा त्याच्यासाठीच ठेवली होती. लिंबाजीने त्याला दोनदा घरी पिटाळलं. दोन्ही वेळा तो मान खाली घालून वळला आणि पुढच्या वळणावर पुन्हा गाडीखाली दिसला.

“राहू द्या आता,” साळूबाई म्हणाली. “त्याने त्याचा बेत आखलेला दिसतोय.”

अशी ती तिघं निघाली.

पण ज्याचा आधी विचार केलेला नसतो, त्याच्यापायी वाटेत अडायला होतं. पहिल्याच दुपारी घाटातला दगड इतका तापला की कापशाचे तळवे सोलले. तो लंगडायला लागला, पण थांबला नाही. रक्ताचे ठिपके दिसले तेव्हा लिंबाजीच्या लक्षात आलं. त्याने बैल थांबवले, पेंडीचं एक पोतं वाटेतल्या ओळखीच्या घरी ठेवलं आणि त्या जागेवर कापशाला बसवलं. पाणी पाजायला भांडं नव्हतं, म्हणून साळूबाई ओंजळीतून पाजू लागली. त्या दिवसापासून ती तिघं ऊन चढलं की झाडाखाली थांबत आणि उन्हं कलली की पुढे निघत. एका धर्मशाळेत कुत्रा आत घेईनात. तिथून पुढचा मुक्काम शोधण्यात अर्धा दिवस गेला. लिंबाजीने पाच दिवसांची वाट आखली होती, तिला सात दिवस लागले. तो मनातून चिडला होता. एवढा नीट बांधलेला बेत एका कुत्र्याने उसवला, असं त्याला वाटत होतं.

त्यातच एका सकाळी साळूबाई गाडीत उठून बसली आणि म्हणाली, “आज धुकं फार पडलंय, नाही?”

लिंबाजीने वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ होतं. समोरच्या डोंगरावरचं एकेक झाड मोजता येत होतं.

“हो,” तो म्हणाला. “फार पडलंय.”

मग तो बैलांच्या पुढे जाऊन चालू लागला, म्हणजे तिला त्याचं तोंड दिसू नये. वैद्याने होळीपर्यंतची मुदत दिली होती. इथे दिवाळीच धूसर होऊ लागली होती.

धनत्रयोदशीच्या सकाळी ती तिघं खाडीच्या काठाला पोचली. होडी भरत होती. बुधाजी नावाचा होडी चालवणारा तांडेल माणसांना हात देऊन आत घेत होता. खाडीतून निघालं की दुपारपर्यंत समुद्राच्या तोंडाशी असलेल्या गावात पोचता येई. नंतर दिवाळीचे चार दिवस होडी बंद राहणार होती.

बुधाजीने साळूबाईला हात दिला. लिंबाजीला हात दिला. कापशाकडे पाहून तो म्हणाला, “याला नाही घेणार, पाव्हणे.”

“गरीब आहे हो. हलणारसुद्धा नाही.”

“सगळे असंच म्हणतात. पण गेल्या वर्षी मधल्या धारेत एक कुत्रा बिथरला आणि होडी कलंडली. दोन बायका जेमतेम वाचल्या. तेव्हापासून मी शपथ घेतलीय. माझी आई इथेच काठावर राहते. ती त्याला भात घालील. बैलांनाही बघेल. पण लवकर काय ते ठरवा, भरती निघून चाललीय.”

लिंबाजीने साळूबाईकडे पाहिलं. ती होडीच्या कडेला चाचपत बसायला जागा शोधत होती. त्याने फार विचार केला नाही. गाडीतून दोर काढला. स्वतःच्या हाताने वळलेला, मऊ, पिळदार दोर. काठावरच्या उंडीच्या झाडाला त्याने कापशाला बांधलं. आठ वर्षांत पहिल्यांदा.

“बस,” तो म्हणाला.

कापशा बसला.

होडी सुटली. बायका दिवाळीच्या गोष्टी बोलू लागल्या. साळूबाई मात्र काठाकडे तोंड करून होती. तिला त्या बाजूला नुसता हिरवा पट्टा दिसत होता.

“काय करतोय हो तो?” तिने विचारलं.

लिंबाजी धुक्याबद्दल खोटं बोलला होता. आताही बोलता आलं असतं. झोपलाय, भात खातोय, काहीही सांगता आलं असतं. पण काठाकडे पाहताना त्याला खोटं बोलवेना.

“बसलाय,” तो म्हणाला.

“ओढतोय का?”

“नाही.”

लिंबाजी पाहत राहिला. जन्मभर त्याने दोर वळले होते. दोर लागला की जनावर आधी ओढून बघतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. बैल ओढतो, शेळी ओढते, दोन दिवसांचं वासरूसुद्धा ओढतं. कापशाचा दोर वाळूवर सैल पडला होता. त्याला एकदाही ताण बसला नव्हता. कापशा भुंकत नव्हता, कण्हत नव्हता. पुढचे पाय जुळवून तो होडीकडे बघत होता. ‘बस’ असं सांगितलं होतं, म्हणून तो बसला होता. आपल्याला जाग्यावर ठेवायला दोराची गरज आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं.

एवढा विश्वास लिंबाजीने कुठे पाहिला नव्हता. माणसात नाही, देवळात नाही.

“मग त्याला वाटतंय, आपण आत्ता येऊ,” साळूबाई म्हणाली.

“येणारच आहोत ना. पाच दिवसांनी.”

“ते पाच दिवस त्याला कसे सांगितलेत तुम्ही?”

लिंबाजीचे डोळे काठावरून हलेनात.

“बैलांसाठी पेंड घेतलीत,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुळशीची सोय केलीत. तुळशीलासुद्धा कोणीतरी पाणी घालेल, हे ठरवलंत. ज्याला आपल्यावाचून दुसरं कोणी माहीतच नाही, त्याला मात्र काही सांगितलं नाहीत.”

होडी शंभरेक हात लांब गेली होती. लिंबाजीने आधी बायकोच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग काठावरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे. या होडीत समुद्र होता. ही गेली तर चार दिवस दुसरी नाही. चार दिवसांत त्या डोळ्यांचं काय होईल, कोणास ठाऊक.

“साळू,” तो म्हणाला, “मी उतरलो तर तुझा समुद्र राहील.”

तिने त्याचा हात धरला. “समुद्र कुठे पळून जातोय?” ती म्हणाली. “आणि मी तिथे जाऊन बघायचं काय? मला तर हेच दिसत राहणार.”

“तांडेलदादा!” लिंबाजी ओरडला. “होडी वळवा!”

लोक चिडले. बुधाजीने कपाळाला हात लावला. तरी त्याने वल्हं फिरवलं. मांडीभर पाण्यात लिंबाजी उतरला, साळूबाईला त्याने पाठंगुळीला घेतलं आणि काठ गाठला. कापशा अजून बसलेलाच होता. फक्त त्याची शेपटी वाळूवर आपटत होती. लिंबाजीने ‘ये’ म्हटलं, तेव्हाच तो उठला.

बुधाजी होडीतून बघत होता. आयुष्यभर त्याने माणसांना होडी चुकू नये म्हणून धावताना पाहिलं होतं. कुत्र्यासाठी होडीतून उतरणारा माणूस त्याला पहिल्यांदाच दिसला. त्याने वल्हं थांबवून हाक दिली, “पाव्हणे! खाडीला वळसा घालून सड्यावरून वाट आहे! तीन दिवस लागतील! गाडी जाणार नाही, पायी जावं लागेल! झरे कुठे आहेत ते आईला विचारा! बैल तिच्याकडे ठेवा!”

त्या दिवशी लिंबाजीने पुन्हा बेत आखला. या वेळी तिघांचा. बुधाजीच्या आईकडून त्याने सगळे झरे विचारून घेतले. पाण्यासाठी भोपळा घेतला आणि कापशाला पाणी पाजायला करवंटी. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून त्याच्या चारही पायांना बांधायला पट्ट्या केल्या. चालायचं ते पहाटेपासून ऊन चढेपर्यंत आणि पुन्हा उन्हं उतरल्यावर, हेही ठरवलं. म्हातारीने बरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकी मासळी बांधून दिली. तीन वाटे वेगवेगळे बांधले होते. मासळीचा मोठा वाटा कोणाचा, हे कापशाला न सांगता कळलं.

सडा म्हणजे काळ्या-तांबड्या कातळाचं उघडं माळरान. झाड नाही, घर नाही. गुडघाभर वाळलेलं सोनेरी गवत, आणि त्याखाली खड्डे आणि धारेचे दगड. पहिल्याच सकाळी साळूबाई दोनदा पडता पडता वाचली. लिंबाजीने तिचा हात धरला, पण वाट अरुंद होती आणि दोघांना बाजूबाजूने चालता येईना.

तेव्हा तिने स्वतःच त्याच्याकडून तो दोर मागून घेतला. एक टोक कापशाच्या गळ्यात सैल अडकवलं, दुसरं हातात धरलं. “चल बाबा,” ती म्हणाली.

पुढे जे झालं, ते लिंबाजी म्हातारपणीसुद्धा आवाज खाली आणून सांगे. कापशाला हे कोणी शिकवलं नव्हतं. तो रोज सशामागे धावणारा कुत्रा. त्या सड्यावर ससे होते, तितर उडत होते. त्याने एकाकडेही पाहिलं नाही. साळूबाईच्या पावलाला पाऊल लावून तो चालला. खड्डा आला की थांबे आणि तिने काठीने चाचपून पाय पलीकडे टाकला की मगच पुढे होई. दगड आला की दोन हात वळून जाई. एकदा तो आडवाच उभा राहिला, काही केल्या हलेना. लिंबाजीने पुढे होऊन पाहिलं, तर गवतात कातळाची भेग होती, माणूस गडप होईल एवढी. लिंबाजीने तिथेच हात जोडले. कोणाला जोडले, ते त्याचं त्यालाच सांगता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना वाऱ्याला वेगळाच वास यायला लागला. खारट, ओला. दुरून एक आवाज येत होता, मोठ्या जात्यासारखा, न थांबणारा. कापशाचे कान उभे राहिले. मग गवत संपलं, कातळ संपला आणि ती तिघं कड्याच्या टोकाशी उभी राहिली.

खाली समुद्र होता.

लिंबाजी आयुष्यभर अंतरं मोजत आला होता. त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, समोर पाहिलं. मोजायला कुठून सुरुवात करावी, तेच त्याला कळेना. सूर्य पाण्याच्या वर हातभर उरला होता आणि त्याच्यापासून थेट कड्याच्या पायथ्यापर्यंत पाण्याला आग लागल्यासारखा उजेड पसरला होता. साळूबाईच्या डोळ्यांना बारीकसारीक काही दिसत नव्हतं. पण एवढा उजेड, एवढं रुंद पाणी दिसायला फार चांगले डोळे लागत नाहीत. तिने दोन्ही हात पुढे केले, जणू ते पाणी तिच्या अंगावर येत होतं.

“हे सगळं पाणीच?”

“सगळं.”

“आणि पलीकडचा काठ? तो दिसतोय का तुम्हाला? खरं सांगा.”

“नाही,” लिंबाजी म्हणाला. “खरंच नाही गं. काठ नाहीच.”

साळूबाई खाली बसली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सूर्य पाण्यात बुडेपर्यंत ती तिघं तिथेच बसून राहिली.

दुसऱ्या सकाळी ती तिघं कडा उतरून वाळूवर गेली. साळूबाई ओल्या वाळूत उभी राहिली. एक लाट फेसाळत तिच्या पायांकडे आली. कापशाने असलं काही जन्मात पाहिलं नव्हतं. क्षणभर तो मागे सरला. मग साळूबाई आणि समुद्र यांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि त्या अख्ख्या समुद्रावर भुंकला. लाट मागे गेली. कापशाने वळून साळूबाईकडे पाहिलं. पुढची लाट आली. तो पुन्हा भुंकला. नाकातोंडात पाणी गेलं, अंग थरथरत होतं, पण जागा सोडली नाही. दुपार होईपर्यंत त्याने एकही लाट न भुंकता जाऊ दिली नाही.

पाच दिवस ती तिघं किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीत राहिली आणि मग आल्या वाटेने सावकाश परतली.

वैद्याने सांगितलं होतं तसंच झालं. होळी पेटली तेव्हा साळूबाईला फक्त तिची ऊब जाणवली, जाळ दिसला नाही. पण ती कधी कुढली नाही. गावातल्या बायका तिच्याभोवती बसून विचारत, “साळूबाई, समुद्र कसा असतो हो?”

साळूबाई मिटल्या डोळ्यांनी हसे आणि सांगे, “आभाळाएवढा असतो, बायांनो. आणि त्याच्यासमोर एक पांढरं कुत्रं उभं असतं, त्याला दम देत.”

तात्पर्य: जो जीव केवळ आपल्या भरवशावर जगतो, त्याची सोय प्रवासाच्या बेतात सगळ्यांत आधी करावी. त्याला वाटेत टाकून गाठलेलं ठिकाण कितीही सुंदर असलं, तरी तिथे फक्त पाय पोचतात, मन पोचत नाही.